कुतुबभाईंच्या हातातला हिरा

मी एक जुना हिरा आहे. हे ऐकून तुमचे डोळे लगेच एखाद्या राणीच्या हाराकडे गेले असतील, तर मित्रांनो, ते आधी खाली आणा. मी ज्वारीच्या दाण्याहून लहान, रंगाने मळकट पिवळा. लाकडी मुठीच्या पितळी टोकात मला बसवलेलं आहे आणि माझं काम काच कापायचं. गेली चार वर्षं तेही नव्हतं. कराडच्या मंडईमागे एका दुकानात, ड्रॉवरमध्ये, गंजलेल्या चुका-खिळ्यांच्या शेजारी मी पडून होतो.

माझा जन्म जमिनीच्या पोटात, फार खोल, जिथे उष्णता आणि दाब दोन्ही अतोनात. मी सगळाच्या सगळा कार्बनचा. या कार्बनच्या अणूचा स्वभाव कळला की माझा एकलकोंडेपणाही कळेल, म्हणून जरा धीर धरा. अणू आपापले इलेक्ट्रॉन भागीदारीत घालून एकमेकांना धरतात. मी त्याला हात म्हणतो. ऑक्सिजनला दोन हात. दोन ऑक्सिजन भेटले, दोन्ही हात एकमेकांत गुंफले, झाला दोघांचा संसार! मग ते वाऱ्यावर हिंडायला मोकळे. कार्बनला मात्र चार हात. ते चारही वळवून एकाच शेजाऱ्याला धरणं त्याला जमत नाही. मग चार दिशांना चार हात आणि चार शेजारी. त्या प्रत्येक शेजाऱ्याचे तीन हात उरतात, ते आणखी तिघांना धरतात, आणि हे काही केल्या थांबत नाही. म्हणून माझ्यात सुटे रेणू नाहीतच. इतकासा असलो तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत मी एकच अवाढव्य जाळं आहे. आतला प्रत्येक हात आतच गुंतलेला. बाहेरच्याला द्यायला जवळ काही उरत नाही.

वाळूचंही असंच. सोड्याच्या बाटलीतून फसफसणारा वायू बघा. त्यात एक कार्बन दोन ऑक्सिजनना दोन-दोन हातांनी धरतो आणि तिघांचं कुटुंब तिथेच पुरं होतं. वाळूतला सिलिकॉन हा कार्बनचाच भाऊबंद, हातही चारच, पण अंगाने थोराड. ऑक्सिजनच्या इतकं जवळ जाऊन त्याचे दोन्ही हात धरणं त्याला नीट साधत नाही. तो चार ऑक्सिजनना एकेक हात देतो, आणि प्रत्येक ऑक्सिजन आपला उरलेला हात पलीकडच्या सिलिकॉनला देतो. झालं जाळं. म्हणून तो वायू उडून जातो आणि कृष्णेची वाळू काठावर पडून राहते. त्याच वाळूची काच होते. म्हणजे काच माझ्याच जातकुळीची, आणि मी जन्मभर ओरखडे काढले ते तिच्याच अंगावर. अशाला सोबती कुठून मिळणार?

एक सोबती मात्र मिळाला. कुतुबुद्दीन. त्यांनी मला पहिल्यांदा धरलं तेव्हा ते विशीत होते. पलटणीत गेलेल्या पोरांचे फोटो घेऊन आसपासच्या खेड्यांतून आयाबाया यायच्या, आणि आम्ही दोघं त्या फोटोंवर काच चढवायचो. मला रॉकेलचं बोट लावायचं, पट्टी धरायची आणि एकच रेघ ओढायची. ओढलेल्या रेघेवरून पुन्हा फिरायचं नाही. खालून हलकी टिचकी मारली की काच सरळ दुभंगायची. बायका म्हणायच्या, "कुतुबभाई, हात हाय का जादू!" तेवढ्यावर माझा दिवस जायचा.

काचवाल्यांत एक रीत आहे. आपला हिरा दुसऱ्याच्या हातात द्यायचा नाही. ही काही खुळी समजूत नव्हे. माझी धार ठरावीक कलानेच काच धरते, आणि तो कल हाताला लागायला वर्षं जातात. पण चार वर्षांपूर्वी कुतुबभाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि तो हातच लुळा पडला. नात अर्फा बारावी सायन्सला आहे. तिने दोनदा मला मागितलं. दोन्ही वेळा म्हातारा म्हणाला, "न्हाई. परक्या हाताला त्यो वळायचा न्हाई." मुलगा आसिफ चाकीच्या कटरने काच कापू लागला. ते कटर कुणाच्याही हातात चालतं. माझ्यावर मात्र ड्रॉवर बंद झाला. मला वाईट वाटलं, फार वाटलं. रीत पाळली गेली आणि मी जिवंतपणी पुरला गेलो.

गेल्या महिन्यात आसिफने दुकान हायवेला न्यायचं ठरवलं. जुनं सामान उपसताना मी त्याच्या हाती लागलो. शेजारी बसले होते सयाजीकाका, निवृत्त हवालदार, कुतुबभाईंचे लंगोटीयार.

"काका, ह्यो खरा हिरा हाय का निस्ता खडा?" आसिफने विचारलं. "खरा असला तर नव्या दुकानात काचंच्या पेटीत ठिवतो. न्हाई तर भंगारात."

सयाजीकाकांना वाटलं, दोस्ताची चीज भंगारात जाता कामा नये. म्हणाले, "आरं, लय सोपं हाय. खरा हिरा घणाखाली फुटत न्हाई. घाल घाव!"

मला तोंड असतं तर ओरडलो असतो. काका, कठीण वेगळं आणि चिवट वेगळं! मला कुणी ओरखडू शकत नाही, पण लोखंडासारखं जरा सरकून घेणं, वाकणं, हे मला येत नाही. माझे हात आपापल्या दिशेला ताठ बांधलेले.

अर्फाच्या खांद्यावर हात ठेवून कुतुबभाई उंबऱ्यात आले, आणि घाव पडला.

अंगातल्या एका सपाट पातळीवरचे सगळे हात एकदम सुटले. अर्धा मी कुठे उडालो ते आजवर कुणाला सापडलं नाही. उरलेला अर्धा पितळेतच राहिला.

"आवं काका, काय केलंसा ह्ये!" अर्फा रडत ओरडली. "खराच हुता त्यो! खरा हाय म्हणूनच असा सपाट फुटला!"

सयाजीकाकांनी मान खाली घातली. आसिफच्या हातातून हातोडा गळाला. कुतुबभाई स्टुलावर बसले. डाव्या हाताने मला उचलून त्यांनी डोळ्यांजवळ धरलं, अंगठा फिरवला.

मग ते सावकाश म्हणाले, "रडू नगंस, पोरी. जुन्या धारंला माझ्या हाताची सवं हुती. ती गेली. ही नवी धार हाय, हिला अजून कुणाचीच सवं न्हाई. घे, धर." आणि मला तिच्या मुठीत देत म्हणाले, "चार वर्सामागंच द्याला पायजे हुता तुला."

अर्फाची पहिली काच वाकडी फुटली, दुसरीही. काचा गोळा करून आसिफ गुपचूप नव्या आणून ठेवत होता. सातवी काच सरळ दुभंगली, तेव्हा सयाजीकाका टाळ्या पिटत उठले आणि लगेच ओशाळून खाली बसले.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. घरात जुनं हत्यार असेल, जुनं माणूस असेल, आणि ते खरं आहे का हे बघायचंच असेल, तर त्याला घण घालून बघू नका. त्याच्यापुढे एक काच ठेवा.