दोराचं शेपूट

"माझ्या दोराला हात लावायचा नाही, मामंजी. तुम्हीच शिकवलंय," कमरपट्ट्याची बकलं आवळत सूनबाई म्हणाली.

"माझेच धडे मला देऊ नकोस," खारूकाका म्हणाले खरे, पण सकाळपासून त्यांच्या कानात बायकोचं बोलणं घुमत होतं. निघताना दारात आडवी उभी राहून ती म्हणाली होती, "अहो, पोरगी पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या झाडावर जातेय. काही झालं तरी तिची दोरी हातातून सोडू नका. कबूल?"

काकांनी कबूल केलं होतं. बायकोला काय समजावणार? नवऱ्याची सगळी उमर झाडांवर गेली, तरी तिला आपलं वाटायचं, याला खालून कुणीतरी घट्ट धरून ठेवतं, म्हणून हा पडत नाही.

आणि खरं काय? चढणाऱ्याचा दोर चढणाऱ्याच्याच हाती. वरच्या भक्कम बेचक्यातून वळसा घेऊन तो परत कमरेशी येतो, तिथं एक सरकती गाठ असते. अंगाचा भार पडला की ती दोराला चावते, बोटांनी ओढली की सरकते. गाठीखाली उरलेला दोर जमिनीपर्यंत लोंबतो. त्याला काका शेपूट म्हणत. फांदीवरून पुढं जायचं तर हे शेपूट वर खेचलं जायला हवं. खालच्यानं ते धरलं, की वरचा जागच्या जागी खिळला. या एका चुकीपायी काकांनी आजवर कितीतरी मदतनिसांचा उद्धार केला होता.

खारूकाका हे नाव त्यांना गल्लीनं दिलं होतं, खारीसारखे चढायचे म्हणून. मुलगा मात्र स्टुलावर उभं राहून दिवा बदलायचा म्हटलं तरी देवाचा धावा करी. काकांचा खांदा निकामी झाला, उजवा हात डोक्यावर जाईना, तेव्हा त्यांनी दोर धुऊन वाळत घातले, आता कुणाला तरी देऊन टाकू म्हणून. ते सुनेनं उचलले. "मी शिकते," एवढंच म्हणाली. देणारा असाच देतो. आपण एका दाराशी हात पसरून बसावं, आणि त्यानं दुसऱ्याच दारानं आत यावं.

आजचं झाड दवाखान्याच्या अंगणातलं होतं. त्याच्या सावलीत बाकं, आणि बाकांवर रोज येणारे आजारी लोक. एक जाडजूड फांदी वाळून बाकांवर लटकत होती. दवाखान्याचे व्यवस्थापक सरळ म्हणाले होते, "ती फांदी आज उतरली तर ठीक. नाहीतर उद्या मशीन आणून झाडच काढतो. कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

बाकं हलवली, भोवती पट्टी बांधली. सूनबाईनं खोडाला हात लावला, काका लावत तसाच, आणि पुटपुटली, "आले रे बाबा, अंगाखांद्यावर घे."

ती छान चढली. दोर वरच्या बेचक्यात हलवायची वेळ आली, तेव्हा आधी कमरेची आखूड दोरी, ते लॅनयार्ड म्हणतात ती, खोडाभोवती टाकून अडकवली, ओढून पाहिली, मगच मोठा दोर सोडला. "दुसरं धरल्याशिवाय पहिलं सोडायचं नाही," असं स्वतःशीच पण मोठ्यानं म्हणत होती. काकांचा ऊर भरून आला.

मग मोठ्या दोरावर भार टाकून तिनं लॅनयार्ड सोडली आणि वाळक्या फांदीशेजारच्या हिरव्या फांदीवर पाऊल टाकलं. दोन पावलं गेली आणि थांबली.

"मामंजी, गाठ सरकत नाहीये."

"भार पायांवर घे. आता ओढ."

"ओढतेय. ढिम्म हलत नाही."

व्यवस्थापकांनी घड्याळाकडे पाहिलं. "काका, उतरवा तिला. जिवाशी खेळ नको. मी मशीनवाल्याला फोन करतो."

वरून आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. "माझीच गाठ चुकली बहुतेक. उतरू का?"

काका घाबरले. ती पडेल म्हणून नव्हे, दोर पक्का होता. पण आज अशी उतरली तर ती पुन्हा वर जायची नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि झाडही जाणार. गाठ तर त्यांनी स्वतः तपासली होती. मग अडलंय कुठं?

घाम पुसायला त्यांनी डावा हात कपाळाकडे नेला, तर हाताबरोबर दोरही वर आला. सुनेच्या दोराचं शेपूट त्यांच्या मुठीभोवती दोनदा गुंडाळलेलं होतं. कधी धरलं, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "गाठ बरोबर आहे तुझी."

"मग?"

"खाली एक गाढव शेपूट धरून उभं आहे."

 वर पानं हसली.

"त्या गाढवाला म्हणावं, सोड. सासूबाईंना मी समजावते. दाराआडून सगळं ऐकलंय मी."

काकांनी वेढे उलगडले. मूठ उघडायला थोडा वेळ लागला. दोर तळव्यावरून सळसळत वर निघाला, आणि ती पुढं, फांदीच्या टोकाकडे.

तिथून तिनं वाळक्या फांदीला वेगळा दोर बांधला, वरच्या बेचक्यातून त्याचं टोक खाली सोडलं, लॅनयार्ड पुन्हा अडकवली, करवत काढली. "आता फांदीचा दोर मात्र घट्ट धरा हं," वरून हुकूम आला. काकांनी तो बुंध्याला वेढे देऊन धरला आणि फांदी कापून सुटली तसा हळूहळू सैल केला. झोपलेलं मूल गादीवर ठेवावं तशी फांदी जमिनीला टेकली. व्यवस्थापकांनी फोन खिशात टाकला. एक बाक त्यांनी स्वतः उचलून पट्टीशी आणून ठेवलं.

वर एक छोटं वाळकं टोक राहिलं होतं. ते कापून नुसतं टाकायचं, त्याला खालून कुणी लागत नव्हतं. काका पट्टीबाहेर आले. त्या बाकावर एक म्हातारा रुग्ण येऊन बसला होता.

"पोरगी कुणाची?"

"माझी सून."

"आणि तुम्ही काय करता?"

काकांनी वर पाहिलं. ती आता त्यांच्याही कधीकाळच्या उंचीपलीकडे, पानांत दिसत-न दिसत होती. दोराचं शेपूट त्यांच्यापासून हातभरावर डुलत होतं.

"मी बघतो," ते म्हणाले. आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्यांनी एका हातानं दुसरा धरून ठेवला.