जमीन मोकळी होईपर्यंत

हार्लन पिंकहॅमने बेल वाजवली तेव्हा दार लगेच उघडलं, पण पुरतं उघडलं नाही. फटीतून बहिणीचा अर्धा चेहरा दिसला. आर्लीनने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि नजर त्याच्या बुटांवर ठेवली.

"हे घालून आलास?"

बूट ॲरिझोनातले होते, पातळ तळाचे, पिवळसर चामड्याचे. टॅक्सीतून उतरून दारापर्यंत पंधरा-वीस पावलं चालला असेल, तेवढ्यात ते घोट्यापर्यंत चिखलाने माखले होते. बँगोरच्या त्या गल्लीत दोन्ही कडांना काळ्या पडलेल्या बर्फाचे ढीग अजून कंबरेइतके होते आणि हिवाळाभर पोटात ठेवलेला कचरा ते आता बाहेर टाकत होते. बिअरचे डबे, एक हातमोजा, शेजारच्या कुत्र्याची चार महिन्यांची घाण.

"किती वाजता आहे?" हार्लनने विचारलं.

"काय किती वाजता आहे?"

"आईचं दफन. आज चौदा तारीख ना?"

त्याने कोटाच्या खिशातून कार्ड काढलं. जानेवारीत आई गेली तेव्हा आर्लीननेच ते पाठवलं होतं. चर्चमधली प्रार्थना सतरा जानेवारीला, दफन वसंतात, चौदा एप्रिलला.

आर्लीनने कार्डाकडे पाहिलं, मग मान मागे वळवून आत ओरडली, "रोलंड! ए रोलंड! इकडे ये, गंमत बघ. पाहुणे तारीख वाचून आलेत!"

रोलंड, तिचा नवरा, हातात कॉफीचा मग घेऊन आला. त्याने मेव्हण्याला नुसती मान हलवून दाखवली. "छापखान्याला काहीतरी तारीख द्यावी लागते, हार्लन," तो म्हणाला. "ते दोन ओळींत 'गोठलेली जमीन सुटेल तेव्हा' असं छापत नाहीत."

तेव्हा कुठे हार्लनच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्याचे कान तापले. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. सव्वीस वर्षं तो याच गावात वाढला होता. इथे जानेवारीत जमीन चार फूट खोल दगड होते, कुदळ मारली तर ठिणगी उडते. हिवाळ्यात गेलेल्यांच्या शवपेट्या दफनभूमीच्या उतारावरच्या दगडी कोठीत ठेवतात आणि वसंतात, ज्याच्या जागेतली जमीन आधी मोकळी होईल त्याला आधी, असं एकेकाला बाहेर काढतात. त्याचे आजोबा मे महिन्यापर्यंत तिथे होते. शाळेत जाता-येता पोरं त्या कोठीच्या लोखंडी दाराला हात लावून पळायची, त्यांत तोही होता. पण तीस वर्षं ॲरिझोनाच्या वाळवंटात काढल्यावर माणूस थंडी विसरतो, तसं तो हेही विसरला होता.

"सोमवारी दुपारचं परतीचं तिकीट आहे माझं," तो म्हणाला.

"अरे वा. मग जमिनीला सांगतोस का, रोलंड, साहेबांना घाई आहे म्हणून?"

दार लागलं. त्याला कुणी आत बोलावलं नव्हतं आणि हे त्याच्या लक्षात यायलाही थोडा वेळ लागला.

दफनभूमीवर त्याला राखणदार भेटला. स्प्रेग नावाचा बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, रबरी बूट घातलेला. तो एक लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसून बघत होता. सळई वीतभर गेली आणि खट्कन थांबली.

"युला पिंकहॅम," हार्लनने आईचं नाव सांगितलं. "तिची जागा कधी तयार होईल?"

स्प्रेगने सळईचं टोक दाखवलं. "ही उन्हाची बाजू आहे. इथे ही गत. त्यांच्या नवऱ्याने जागा घेतलीय तिकडे, उत्तरेला, देवदारांखाली. तिथे मेपर्यंत काही होत नाही."

"तुमच्याकडे जमीन तापवायची सोय असते ना? लोखंडी झाकणाखाली निखारे ठेवतात, तसली?"

"असते. दीड दिवसात होतं काम."

"मग आजच लावा. खर्च मी देतो."

"सही लागेल."

"करतो की."

"तुमची नाही, त्यांच्या मुलीची, मिसेस डोरची. कागदावर नाव त्यांचं आहे."

"मी मुलगा आहे तिचा!"

"असाल," स्प्रेग म्हणाला आणि चार पावलं पुढे जाऊन पुन्हा सळई खुपसली. "इथे तसं लिहिलेलं नाही."

हार्लन पुन्हा बहिणीच्या दारात गेला. या वेळी आर्लीनने दार पुरतं उघडलं, पण ते त्याच्यावर नीट ओरडता यावं म्हणून.

"निखारे? आईच्या जागेवर शेगडी पेटवणार तू? तुझं विमान चुकू नये म्हणून?"

"मला फक्त तिथे हजर राहायचंय, आर्लीन. तिला खाली ठेवतील तेव्हा. बाकी काही मागत नाही मी."

"हजर! नऊ वर्षं मी तिला भरवलं, धुतलं, रात्री-बेरात्री उचलून बसवलं. तू नाताळला संत्र्यांची पेटी पाठवायचास. तिला संत्री पचत नव्हती, हे तरी माहीत होतं का तुला?"

"नाही."

"आणि जानेवारीत काय कळवलंस? बर्फाचं वादळ, विमान रद्द. मी विमान कंपनीला फोन केला होता, हार्लन. त्या दिवशी एकही विमान रद्द नव्हतं. लख्ख ऊन पडलं होतं. सगळं चर्च मला विचारत होतं, मुलगा कुठाय. मी सांगितलं, वादळात अडकलाय. खिडक्यांतून ऊन येत होतं आणि मी देवाच्या घरात उभी राहून तुझ्यासाठी खोटं बोलले."

हार्लनने कठडा धरला. याचं उत्तर त्याने तीन महिने मनात शंभरदा जुळवलं होतं आणि आता त्यातलं काहीच जागेवर नव्हतं.

"मी विमानतळापर्यंत गेलो होतो," तो म्हणाला. "बॅग दिली होती. मग परत मागून घेतली."

"का?"

"तू काय म्हणशील, या भीतीने."

आर्लीन उंबऱ्यावर एक पाऊल पुढे आली. मग म्हणाली, "आता म्हणाले ना? मेलास का ऐकून?"

"नाही."

"सही करणार नाही मी. आई तिच्या वेळेला जाईल. स्प्रेग मला फोन करेल आणि मी तुला करणार नाही. सोमवारी जा मुकाट्याने. तुला तेवढंच येतं."

सोमवारी दुपारी विमान गेलं. हार्लन नदीकाठच्या मोटेलमध्ये पलंगाच्या कडेवर बसून घड्याळ बघत होता. तीन वाजले, सव्वातीन झाले. मग तो उठला, बाजारात गेला आणि गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट विकत घेऊन आला.

रोज सकाळी आठला तो पायी दफनभूमीवर जायचा आणि अंधार पडू लागला की परतायचा. दीड मैलांचा रस्ता. हिवाळाभर टाकलेल्या वाळूचा राडा झाला होता आणि मोटारी त्याच्या अंगावर तो उडवत जायच्या. एकही मोटार वेग कमी करायची नाही. कधी पाऊस, कधी बर्फ, कधी दोन्ही मिळून. नाश्त्याच्या दुकानातली वाढपीण चौथ्या दिवशी म्हणाली, "अजून इथेच? पोलिस मागे लागलेत की बायको?" आठव्या दिवशी तिने विचारणं सोडलं आणि अंडी न विचारता समोर आदळू लागली. बहिणीच्या गल्लीतल्या एका बाईने त्याला ओळखलं. त्याच्या तोंडावर ती म्हणाली, "संत्रीवाला तो हाच का?"

स्प्रेगला तो नकोसा झाला होता. "दिवसभर इथे उभं राहून जमीन लवकर सुटत नाही हो," तो म्हणायचा. हार्लन म्हणायचा, "माहीत आहे," आणि कोठीच्या दाराजवळच्या दगडी बाकावर बसायचा. बाक ओला असायचा. आत कुठेतरी आई होती, पण त्या विचाराने त्याला रडू येत नव्हतं. थंडी वाजायची, एवढंच.

तिसाव्या तारखेला, सोमवारी सकाळी, तो फाटकातून आत शिरला तर देवदारांखाली काळी शववाहिनी उभी होती. खड्डा खणलेला, तळाशी हातभर गढूळ पाणी. पाद्री, रोलंड, चर्चमधल्या दोन बायका, आणि आर्लीन. तिने त्याला चिखलातून धापा टाकत येताना पाहिलं आणि ती सरळ स्प्रेगकडे वळली.

"तुम्ही सांगितलंत?"

"मी कशाला सांगू?" स्प्रेग वैतागून म्हणाला. "रोजच असतात ते इथे. अंधार पडेस्तोवर. हाकललं तरी हलत नाहीत. ठेवून घ्या नाहीतर घेऊन जा, पण माझ्या गळ्यातून काढा."

"रोज?"

"दोन आठवडे झाले."

आर्लीनने हार्लनच्या बुटांकडे पाहिलं. नवे बूट एव्हाना जुने दिसत होते. तिच्या चेहऱ्यावरची रेषा काही सैल झाली नाही.

"त्या बाजूला उभा राहा," तिने खड्ड्यापलीकडे बोट दाखवलं. "आमच्यात नको."

तो वळसा घालून गेला. उपसलेल्या मातीच्या ढिगाजवळ, एकटा. पाद्रीने प्रार्थना म्हटली. पट्ट्यांवरून शवपेटी खाली सरकली आणि पाण्यात टेकल्याचा आवाज आला. आर्लीनने मूठभर माती टाकली, रोलंडने टाकली, बायकांनी टाकली. मग सगळे थांबले. त्याच्याकडे बघून नाही, पण थांबले.

हार्लन वाकला. त्याच्या बाजूची माती खालच्या थरातली होती, अजून गोठलेली. हातात नारळाएवढं ढेकूळ आलं. ते त्याला फोडता येईना. बोटं बधिर झाली होती, सगळे वाट बघत होते आणि आता हेही आपण बिघडवणार अशी त्याची खात्री पटली. त्याने ते तसंच सोडायला हात पुढे केला.

"हळू!" आर्लीन ओरडली. "तिचं डोकं आहे तिथे. आई आहे ती, हार्लन!"

तो चिखलात गुडघ्यांवर बसला, मग पालथा झाला आणि छातीपर्यंत खड्ड्यात झुकून, हात ताणून त्याने ते ढेकूळ पेटीच्या कडेला ठेवलं. आवाज झाला नाही. उठताना कोट छातीपासून खालपर्यंत काळा झाला होता. त्याला हात द्यायला कुणी आलं नाही.

आर्लीनने रुमालाने नाक पुसलं. "सगळ्यांना घरी कॉफी आहे," ती बायकांना म्हणाली. मग मोटारीकडे जाताना, मागे न बघता, "तू मोटेलवर जाऊन आधी अंग धू."

मोटारी निघून गेल्या. आपल्याला बोलावलं की नाही, हे हार्लनला ठरवता येईना. स्प्रेगने फावडं उचललं आणि त्याला बाजूला सरकायची खूण केली. हार्लन सरकला, पण गेला नाही. खड्डा भरेपर्यंत तो तिथेच उभा राहिला.