प्लसची खूण

वास आधी आला, धूर मागून दिसला. मावशी लॅबच्या दुसऱ्या टोकाला खिडक्या उघडत होत्या. त्यांचा हात कडीवरच थांबला. जळालेल्या बोर्डाचा वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

"बॅटरी काढ. अगं, काढ ना आधी," कॅप्टन ओरडत होता.

चिमणीने हिसका देऊन बॅटरी काढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. रोबोच्या पाठीवर बसवलेल्या कंट्रोलरच्या कोपऱ्यात नखाएवढा काळा फोड आला होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ अजून वर जात होती.

सकाळचे साडेनऊ. दोन वाजता कॉलेजच्याच हॉलमध्ये स्पर्धा, नऊ कॉलेजांच्या टीम येणार. आणि ज्याच्या डोक्यावर रोबोच्या दोन्ही मोटरी चालायच्या, ते डोकंच जळालेलं.

"उलटं लावलंस तू," कॅप्टन म्हणाला. तिसऱ्या वर्षाचा, उंच, सहा महिने या रोबोपायी अर्धा झालेला मुलगा. "प्लस-मायनस उलटं. तपकिरी प्लसला, काळी मायनसला. यात चुकण्यासारखं काय आहे?"

"मी टेप बघून लावलं," चिमणी म्हणाली. टीममध्ये ती सगळ्यांत लहानखुरी आणि सगळ्यांत कमी बोलणारी, म्हणून चिमणी. "पांढरी टेप प्लसची, असं मावशी काल म्हणाल्या होत्या."

मावशी एव्हाना तिथे पोचल्या होत्या. त्यांनी कुणाला काही न विचारता स्क्रू सैल केले, बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत जाणारी ती दोन फुटांची वायरींची जोडी सोडवली आणि खिडकीपाशी नेली. मीटरचं एक टोक जोडीच्या बॅटरीकडच्या प्लगमधल्या मायनसला लावलं, दुसरं टेप गुंडाळलेल्या वायरीला.

मीटर वाजला.

पांढरी टेप मायनसच्या वायरीवर होती. चिमणीने जसं सांगितलं होतं तसंच केलं होतं.

मावशींच्या अंगठ्याने, जणू तो त्यांचा नव्हेच अशा रीतीने, टेपची कड शोधली, टेप सोलली आणि ती गोळी होऊन एप्रनच्या खिशात गेली.

"मावशी, टेप तपकिरीवरच होती ना?" कॅप्टनने लांबून विचारलं.

"मी तपकिरीवरच लावते नेहमी," मावशी म्हणाल्या.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. पण ते ऐकताना चिमणीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मावशींनी मीटर आवरायला घेतला.

मावशी मूळच्या वाइंडर. पंपांच्या मोटरी भरणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये एकोणीस वर्षं त्यांनी तांब्याच्या तारा गुंडाळल्या. वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा या कॉलेजात झाडलोटीला लागल्या. एके दिवशी लॅबमध्ये फरशी पुसता पुसता त्यांनी मोटरभोवती जमलेल्या तीन शिक्षकांना, "यातली मधली कॉइल गेलीय," असं सांगितलं. मोटर उघडली तर मधलीच गेलेली. तेव्हाच्या मुख्य सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्या हातातला झाडू काढून घेतला आणि पक्कड दिली. झाडू सुटला, मावशी हे नाव तेवढं चिकटून राहिलं. पुढच्या पंधरा वर्षांत कित्येक मुलं इंजिनिअर होऊन गेली. त्यांतल्या निम्म्यांना सोल्डर कसं धरायचं हे मावशींनी शिकवलं होतं.

गेल्या वर्षापासून मात्र त्यांना रंग दगा देऊ लागले. आधी निळा नि काळा एक झाला, मग तपकिरी नि काळा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मागचा पडदा झिजतोय, याला ऑपरेशन नाही, आहे ते जपायचं. हे घरी नवऱ्याला माहीत होतं, आणि त्याने चारदा सांगितलं होतं, "अगं, ऑफिसात सांगून टाक. विजेचं काम आहे ते, भाजी निवडणं नव्हे." मावशी म्हणायच्या, सांगते. निवृत्तीला अडीच वर्षं होती. सांगितलं की लॅबमधून बाहेर काढतील, हे त्यांना दिसत होतं. तेवढं अजून स्वच्छ दिसत होतं.

म्हणून त्या प्रत्येक वायर गुपचूप मीटर लावून तपासायच्या. काल तेवढंच राहिलं. आठवडाभर मुलांचा रोबो एकाच दुखण्याने हैराण होता: मोटरी सुरू झाल्या की कंट्रोलर बंद पडायचा. मावशींनी पाच मिनिटांत नाडी पकडली. "तुमच्या मोटरी सगळी वीज एका घोटात पितात रे. त्यांना नि कंट्रोलरला एकाच केसासारख्या वायरीवर जेवायला बसवलंय. मोटरींचं ताट वेगळं करा." मुलं हसली. मग चौघं भोवती उभी राहिली आणि मावशींनी त्यांच्यासमोर मोटरींना जाड वायर थेट बॅटरीवरून दिली आणि कंट्रोलरला वेगळी बारीक जोडी. लाल वायर संपली होती, तपकिरी आणि काळी उरली होती. प्लसला खूण म्हणून टेप लावताना मीटर घ्यावा असं मनात आलं होतं. पण चार पोरं कौतुकाने बघत असताना दोन फुटांच्या वायरीला मीटर लावायचा, म्हणजे स्वतःच्या घराचा पत्ता दुसऱ्याला विचारायचा. त्यांना लाज वाटली. बस, तेवढंच.

सर आले. या लॅबचे प्रमुख, मितभाषी, शिस्तीचे. जळका बोर्ड त्यांनी हातात फिरवून पाहिला.

"दुसरा एक आहे माझ्या कपाटात," ते म्हणाले. "पण तो शेवटचा. हा कसा जळला?"

कॅप्टन म्हणाला, "सर, हिच्याकडून जोडणी उलटी झाली."

"तू केलंस?" सरांनी चिमणीला विचारलं.

"मला वाटतं मी टेप बघितली होती, सर."

"वाटतं म्हणजे काय? विजेच्या कामात वाटून चालत नाही." सर रागावले नव्हते, हेच वाईट होतं. "बोर्ड देतो. पण आज हिने जोडणीला हात लावायचा नाही. हॉलमध्येही बाकीची तिघंच जा."

चिमणीने मान हलवली, सॅक उचलली आणि ती बाहेर गेली. दार तिने हळूच ओढून घेतलं.

नवा बोर्ड आला. काम सुरू झालं. मावशींना मात्र एका जागी बसवेना. त्यांनी पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. स्क्रूड्रायव्हर लहान-मोठे लावून ठेवले, मग मोठे-लहान लावले. चहा आला, तो गार झाला, तसाच बेसिनमध्ये ओतला. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आल्या. खिशातली टेपची गोळी बोटांना चिकटत होती. त्या ती सोडवायच्या आणि बोटं पुन्हा तिथेच जायची. मन म्हणत होतं, पोरांना बोर्ड मिळालाय, रोबो चालेल, एका मुलीची एक स्पर्धा गेली तर काय मोठंसं. पुढच्या वर्षी आहेच की. आणि लगेच दुसरं म्हणत होतं, बाई, पुढच्या वर्षी तिला वायर हातात देईल कोण?

अकरा वाजता कॅप्टनने हाक मारली. "मावशी, कंट्रोलरची जोडी तुम्हीच लावून द्या ना. आता दुसऱ्या कुणावर भरवसा नाही."

त्याने दोन वायरी त्यांच्या तळहातावर ठेवल्या. खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. मावशींनी हात उन्हात धरला. दोन्ही वायरी सारख्याच, मळक्या, काळपट.

"आलेच मी," म्हणून त्यांनी वायरी टेबलावर ठेवल्या आणि त्या बाहेर पडल्या.

चिमणी इमारतीच्या मागच्या जिन्यावर बसली होती. रडत नव्हती. वहीच्या पानावर काहीतरी काढत होती. जवळ गेल्यावर मावशींना दिसलं, कंट्रोलरचं चित्र होतं, त्याला दोन स्क्रू, दोन वायरी. एकीवर तिने टेप काढली होती, मग खोडली होती, मग दुसरीवर काढली होती.

"घरी नाही गेलीस?"

"घरी सांगितलंय ना, आज स्पर्धा आहे म्हणून. आई दोन वाजता येणार आहे बघायला." ती थोडं थांबली. "मावशी, मी टेपच बघितली होती हो. वायरीचा रंग वेगळा वाटला म्हणून दोनदा बघितली. पण मावशींनी लावलीय म्हणजे बरोबरच असणार, असं म्हटलं. का मला आता तसं उगीच वाटतंय? सगळे म्हणतात म्हटल्यावर मला नीट आठवेनासंच झालंय."

मावशी तिच्या शेजारी पायरीवर टेकल्या. एकोणीस अधिक पंधरा वर्षांत त्यांच्या हातून मोटरी जळाल्या होत्या, फ्यूज उडाले होते, एकदा तर अख्खं वर्कशॉप अंधारात गेलं होतं. पण आपलं खरं खोटं आहे असं एखाद्याला वाटायला लावलं, हे कधी झालं नव्हतं.

"तुला बरोबर आठवतंय," त्या म्हणाल्या. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

"सर म्हणाले ना..."

"ऊठ म्हणते ना मी."

लॅबमध्ये सर अजून होते. मावशी सरळ त्यांच्यासमोर गेल्या, खिशातून ती चिकट गोळी काढली आणि टेबलावर ठेवली.

"सर, टेप मी चुकीच्या वायरीवर लावली होती. हिने टेप बघूनच लावलं. सकाळी मी मीटर लावला तेव्हाच मला कळलं. आणि टेप मीच काढून खिशात घातली."

कॅप्टनच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला.

"तुमच्याकडून चूक?" सरांचा विश्वास बसेना. "घाईत झालं असेल."

मावशींना वाटलं, हो म्हणावं. घाई हा केवढा सोयीचा शब्द होता. इथेच थांबलं तरी चालण्यासारखं होतं.

"घाई नव्हती. मला तपकिरी नि काळा वेगळा दिसत नाही. निळाही नाही. डॉक्टरांनी सांगून वर्ष होत आलं."

सरांनी चष्मा काढला.

"वर्षभर तुम्ही माझ्या मेन पॅनलवर काम करताय, मावशी. मागच्या महिन्यात मीच तुम्हाला तिथे पाठवलं होतं. मुलं शेजारी उभी होती."

"हो सर."

"हा बोर्ड जळला त्याचं मला काही नाही. पण पॅनलवर काही झालं असतं तर मी तुमच्या घरी जाऊन काय सांगणार होतो?"

मावशींनी कमरेची लॅबची किल्ली सोडवली आणि टेपशेजारी ठेवली. सरांनी ती उचलली. ती परत मिळणार नाही, हे दोघांनाही कळलं.

"एक मागू का, सर?" मावशी म्हणाल्या. "जोडणी हिला करू द्या. मी हात लावणार नाही, नुसती बसते."

सरांनी चिमणीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "बारा वाजेपर्यंत झालं पाहिजे," एवढं म्हणून ते खुर्ची ओढून तिथेच बसले.

मावशी स्टुलावर बसल्या. हात शिवशिवत होते, म्हणून त्यांनी दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबले. "आधी मीटर. बॅटरीकडून सुरू कर. वाजला? मग खूण कर. माझी खूण होती म्हणून सोडू नकोस, कुणाचीच असली तरी सोडू नकोस. आता मोटरींच्या जाड वायरी. ओढून बघ. अजून ओढ, निघाली तर इथेच निघू दे." चिमणी करत गेली. एका ठिकाणी तिचा स्क्रू घसरला, मावशी अर्ध्या उठल्या आणि पुन्हा बसल्या. कॅप्टन टॉर्च धरून उभा होता. मध्येच तो चिमणीला काहीतरी म्हणाला, हळू आवाजात. ती म्हणाली, "राहू दे, टॉर्च इकडे घे."

बाराला दहा कमी असताना तिने बॅटरी जोडली. हिरवा दिवा लागला. मोटरी फिरल्या, दिवा तसाच राहिला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे एक मिनिट दिव्याकडेच बघत राहिले.

स्पर्धेत ते दुसऱ्या फेरीत हरले. डावं चाक सैल होऊन निघालं आणि रोबो स्वतःभोवती गोल गोल फिरत राहिला. कंट्रोलर मात्र शेवटपर्यंत चालू होता. मावशी मागच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांना रोबो म्हणजे एक हलता ठिपका दिसत होता. चिमणीची आई कोण ते त्यांना कळलं नाही, पण हरल्यावरही कुणीतरी एकटंच बराच वेळ टाळ्या वाजवत होतं.

घरी नवऱ्याने दार उघडलं आणि चेहरा बघून विचारलं, "सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"जे म्हणायला पाहिजे होतं ते."

त्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

सोमवारी मावशींना लॅबच्या बाहेर, दारालगत टेबल मिळालं. वर सामानाचं रजिस्टर, दोरीला बांधलेलं पेन. आत जाणाऱ्याने सही करायची, बाहेर येणाऱ्याने सही करायची. पहिले दोन तास त्या काट्यावर बसल्यासारख्या बसल्या. आतून मोटरचा आवाज आला की मान वळायची. रजिस्टर सरळ केलं, पुन्हा तिरकं झालं, पुन्हा सरळ केलं.

साडेअकराच्या सुमाराला पहिल्या वर्षाची एक मुलगी बाहेर आली. तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिच्या मुठीत वायरींचा गुंता होता.

"मावशी, सगळे म्हणतात तुम्हाला विचार. यातली मोटरला कुठली नि बोर्डाला कुठली?"

मावशींचा हात सवयीने पुढे झाला. मग त्यांनी तो टेबलावर ठेवला.

"मला रंग दिसत नाहीत, बाळा," त्या म्हणाल्या. कॉलेजात हे वाक्य त्यांनी इतक्या साध्या आवाजात कधीच म्हटलं नव्हतं. "तू एकेकीचा रंग सांग आणि जाडी सांग. कुठली कुठे ते मी सांगते."

मुलीने गुंता टेबलावर पसरला, खाली वाकली आणि एकेक वायर वेगळी करत सांगू लागली. मावशींनी रजिस्टर बाजूला सारून तिला जागा करून दिली.