पा बुन्नाकचं मेण

ओरथाईचे ओठ फुटले ते ऐन एप्रिलमध्ये, उन्हाने नदी आटत चालली होती आणि गावाबाहेर ताडगुळाच्या कढया रटरटत होत्या तेव्हा. थायलंडमधल्या फेत्चबुरीच्या मोठ्या देवळासमोर ती बावीस वर्षं लखोन, म्हणजे नवसाचं नृत्यनाट्य, नाचत होती. कुणाचा नवस फळला की तो माणूस नाचाच्या मंडळींना बोलावणं धाडी. मग सकाळी दहाला ढोलकं वाजू लागे आणि ओरथाई मुकुट चढवून राजकन्या होई. राजकन्येचे ओठ लालभडक लागत. आता ते रंगाने लाल आहेत की जखमेने, हे तिचं तिलाही सांगता येईना. वरच्या सुरात तोंड उघडलं की खालचा ओठ मधोमध चिरे, आणि जिभेला लोखंडासारखी चव लागे.

रोज संध्याकाळी ती ओठांना पा बुन्नाकचं मेण लावी. पा म्हणजे तिच्या आईची थोरली बहीण. पुलापलीकडे नदीकाठी राहायची, आणि तिच्या ओठांच्या मेणाच्या छोट्या डब्या देवळाच्या पायरीवर हातोहात जायच्या.

"जरा जास्त लाव," पा म्हणायची. "हात आखडता घेतेस, म्हणून बरं होत नाही."

ओरथाई जास्त लावी. डोळे मिटून पडलं की मेणाचा गोड वास भोवती दाटे, अंगण, नदी, झाडं सगळं त्यात विरघळून जाई आणि तिला आपण लहान आहोत असं वाटे. सकाळी उठावं तर ओठ सुजलेले असत.

शेवटी ती बाजारातल्या औषधाच्या दुकानात गेली. तिथला वीरयुत वयाने लहान, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणत.

"पी ओर," तो थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाला, "ओठांना जे जे लावता ते सगळं घेऊन या. काही लपवायचं नाही."

तिने पिशवीच रिकामी केली. नाचाच्या तीन लिपस्टिक, कधीमधी वापरायची एक साधी नळी आणि पाची डबी. वीरयुतने भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली, आणि ओरथाई खेळाच्या जाहिरातीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेली.

"एरंडेल. तिन्ही लिपस्टिकमध्ये आहे."

"मग एरंडेलच चोर."

"थांबा. या साध्या नळीतही एरंडेल आहे. ती लावल्यावर आग होते?"

"नाही. पण तिला ना रंग ना वास. लावली काय आणि नाही काय."

"मग एरंडेल सुटलं. खोडा." त्याने भिंग सरकवलं. "मेण चारही ठिकाणी आहे, तेही खोडा. हा लाल रंग दोनच लिपस्टिकमध्ये आहे, तिसरीत नाही. तिसरीने त्रास होतो?"

"सगळ्यात जास्त तिचाच."

"मग रंगही सुटला."

असं खोडता खोडता तिन्ही लिपस्टिकच्या खाली एकच शब्द उरला, आणि तो साध्या नळीच्या यादीत नव्हता. सुगंध.

"कसला सुगंध?" ओरथाईने विचारलं.

"ते लिहीत नाहीत. त्या एका शब्दात वीस-पंचवीस वस्तू असू शकतात." त्याने पाची डबी उचलून फिरवली. "हिच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"काय लिहायचं? मेण, खोबरेल आणि फुलं. माझ्या जन्माच्या आधीपासून तेच."

"मग एकेक वेगळं करून पाहा. कोपराच्या आतल्या बाजूला, ठरावीक जागी, दिवसातून दोनदा, आठवडाभर. आणि ओठांना फक्त ही बिनवासाची नळी."

ओरथाईने पाकडून मेणाचा खडा, वाटीभर खोबरेल आणि मूठभर फुलं मागून आणली. पाला ते रुचलं नाही.

"माझ्या मेणाची झडती घेतेस?"

"मेणाची नाही, पा. माझ्या कातडीची."

"तुझी कातडी तुझ्या बापावर गेलीये. त्यालाही कशाकशाची खाज यायची."

आठवडाभर ओरथाई कोपर जपत राहिली. मेणाची जागा तशीच राहिली, तेलाची तशीच, फुलं चुरडून लावली तिथेही काही नाही. डबीतलं मेण जिथे लावलं होतं तिथे मात्र चौथ्या दिवशी लाल चकंदळ उठलं. म्हणजे डबीत असं काहीतरी होतं, जे मेणही नव्हतं, तेलही नव्हतं आणि फूलही नव्हतं. ती तो लाल ठिपका कितीतरी वेळ बघत बसली.

सोमवारी खेळ नसतो. दुपारी ती पूल ओलांडून गेली. आंब्याखाली ऊन पाण्यासारखं हलत होतं, कुत्रं झोपलं होतं, आणि जिन्याच्या तळाशीच तिला करपल्याचा उग्र वास आला. ती धावत वर चढली. पा चुलीसमोर बसून पंख्याने वारा घेत होती. डोळे अर्धे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. तिच्यापासून हातभर अंतरावर पातेल्यातलं मेण काळं पडून धूर सोडत होतं.

ओरथाईने झाकण टाकून पातेलं उतरवलं. "पा, मेण करपलंय."

पाने पातेल्याकडे बघितलं, मग भाचीकडे.

"कधीपासून वास येत नाही?" ओरथाईने हळूच विचारलं.

"दोन वर्षं झाली. तो ताप आला होता ना, त्यात गेला. आधी वाटलं सर्दी आहे. येईल, येईल म्हणत राहिले."

फळीवर तांदळाच्या डब्यामागे एक तपकिरी बाटली होती, विकतच्या सुगंधाची. पाने ती स्वतःच काढून पुढे ठेवली. "फुलं ज्योतीवर नीट शेकली की नाही, तेलात वास उतरला की नाही, मला कसं कळणार? दुकानातली पोरगी म्हणाली, याचे चार थेंब पुरे. चार की चौदा, तेही मला कळेना. म्हणून हात सढळ ठेवला."

"माझ्या ओठांवर सढळ ठेवलास, पा."

"मला काय माहीत यातलं काही अंगाला बाधतं ते." तिचा आवाज बारीक झाला. "आणि सांगणार कुणाला? बायका डबी हुंगून मग घेतात. नाक गेलेल्या म्हातारीचं मेण कोण घेईल?"

ओरथाईला राग आला होता, पण तो कुठे ठेवावा हे तिला कळेना. ती पाशेजारी बसली आणि तिच्या हातातला पंखा घेऊन दोघींना वारा घालू लागली.

बिनवासाच्या नळीने ओठ तीन आठवड्यांत भरून आले. वीरयुतने आणखी याद्या चाळून एक बिनवासाची लाल लिपस्टिकही शोधली. रंग थोडा उतरता होता, पण देवळासमोर कुणाच्या लक्षात आलं नाही. बाटली टाकून दिली. आता दर सोमवारी ओरथाई पाकडे जाते. मेणात घालायची हिरव्या चाफ्याच्या जातीची लांब पिवळी फुलं, वास सुटावा म्हणून, पा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरते आणि ओरथाई बाजूला बसून हुंगते.

"आता?"

"अजून नाही."

"आता?"

"हं. काढ."

नव्या मेणाची डबी आधी आठवडाभर ओरथाईच्या कोपरावर राहिली. काही उठलं नाही, तेव्हाच बाकीच्या डब्या देवळात गेल्या. काही बायका कुरकुरल्या, की पा, वास फारच हलका झाला. पा त्यांना म्हणाली, नाक साफ करून या.

फुलं तेलात घालून झाकण लावायच्या आधी पा दर वेळी एकच प्रश्न विचारते. "कसा आहे गं वास?"

पहिल्या दिवशी ओरथाईला नुसतं "छान" एवढंच सुचलं होतं. पाला ते पुरलं नाही. आता ती डोळे मिटते आणि सावकाश सांगते, "आधी मोगरा येतोय, ओला, पहाटे तोडल्यासारखा. त्याच्या मागे थोडा धूर. आणि अगदी तळाशी मध, पण पोळं लांब कुठेतरी असावं असा."

पा ऐकता ऐकता मान हलवत असते. "लांब म्हणजे नदीपलीकडे?" ती विचारते.

"हो. पलीकडेच," ओरथाई सांगते, आणि मग दोघी मिळून झाकण लावतात.