उलटं शूट झालेलं लग्न

लग्नाच्या शूटिंगमध्ये मी तेवीस वर्षं लाईट धरला. कॅमेरा खडकीच्या बाबुरावांचा, हजार वॅटचा हॅलोजन माझ्या हातात. फक्त एकदा, शहाण्णव साली, बाबुरावांना ताप भरला आणि त्यांनी कॅमेरा माझ्या खांद्यावर दिला.

"धोंडिबा, लाल बटण एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. एवढं तर जमेल?"

नाही जमलं. सुरुवातीलाच बटण दोनदा दाबलं गेलं असावं. त्यानंतर मी चालू समजायचो तेव्हा कॅमेरा बंद, आणि बंद समजून खाली धरायचो तेव्हा चालू. डोळा लावायच्या काचेत अक्षरं दिसायची, पण तेव्हा मला वाचता येत नव्हतं. त्रिशरण, पंचशील, हार घालणं, सगळं गेलं. खडकीला नवरा-नवरीच्या घरी मीच जाऊन सांगितलं की मशीनने फीत खाल्ली. बाबुरावांनी ती कॅसेट माझ्या अंगावर फेकली. मी ती जपून ठेवली.

आता शनिवार पेठेत एका बंद छापखान्यात तनुजा मॅडम जुन्या फितींचे तुकडे जोडून काहीतरी नवीनच तयार करतात. जुन्या बाजारातून पोत्याने कॅसेटी आणतात. कुणाचं बारसं, कुणाची सहल, त्यात भिंतीवरून फिरणारी पाल. मी आधी नुसतं व्हीसीआरचं हेड पुसून द्यायला जायचो. वर्षभरात कापाकापी शिकलो आणि वेडच लागलं. या मंगळवारी धीर करून माझी कॅसेट लावली.

पायच पाय. चपलांचा ढीग. मांडवाचं तिरकं छत. मग पांढऱ्या साडीतली नवरी इकडेतिकडे बघते आणि अख्खा बुंदीचा लाडू तोंडात कोंबते. नवरदेव बूट काढून टाच चोळतो. मध्येच एक झटका बसतो आणि दोघांच्या गळ्यात हार! हार घातले कधी, ते दिसतच नाही.

मॅडम खुर्चीवरून उठल्याच. "काका, मी तीन वर्षं हे मुद्दाम करायला बघतेय. तुम्ही चुकून करून बसलात! रविवारी इथे आपला शो आहे, त्यात हेच दाखवू."

या वयात माझं काही पडद्यावर येणार!

"पण त्या बाईंना विचारून या," मॅडम म्हणाल्या. "चेहरे ओळखू येतात. त्या नाही म्हणाल्या तर नाही."

म्हणजे माझं खोटं मलाच जाऊन सांगायचं होतं. फीत मॅडमच्या लॅपटॉपवर उतरवून दुसऱ्या दिवशी तो घेऊन खडकीला गेलो. घर तेच होतं. प्रेमलाताईंनी दार उघडलं.

"मी धोंडिबा. तुमच्या लग्नातला लाईटवाला."

"अच्छा. ते फीत खाणारं मशीन तुमचंच ना? पचली का एकदाची?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी दार पूर्ण उघडलं. आत वळून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, या. आपलं लग्न आलंय."

राकेशराव चष्मा पुसत आले. लाडू दिसताच ओरडले, "सकाळपासून उपाशी आहे म्हणाली होतीस मला!"

"तुम्ही आधी बूट घाला," प्रेमलाताई म्हणाल्या.

दोघं हसत होते आणि माझा जीव भांड्यात पडत होता. तेवढ्यात पडद्यावर मांडवाच्या कोपऱ्यात एक उंच म्हातारा दिसला. भिंतीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होता.

"थांबा. माझे वडील, आण्णा आहेत ते," प्रेमलाताई म्हणाल्या. "आवाज वाढवा."

मी वाढवला. "जमलेल्या बंधुभगिनींनो, माझी प्रेमला…" म्हातारा अडला. परत पहिल्यापासून. परत तिथेच अडला. असं तीनदा.

मी चित्र तिथेच थांबवलं.

"त्यांनी भाषण केलंच नाही," प्रेमलाताई म्हणाल्या. "ऐनवेळी म्हणाले, घसा बसलाय. मला वाटत राहिलं, माझ्याबद्दल त्यांना बोलायचंच नव्हतं." मग माझ्याकडे वळल्या. "ते गेले तेव्हाही ही कॅसेट तुमच्याकडेच होती?"

"होती."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. म्हणूनच आलो नाही."

त्यांनी परत पडद्याकडे तोंड फिरवलं. मला वाटलं, संपलं. आता लॅपटॉप मिटायचा आणि निघायचं.

"आण्णांचं किती ठेवणार?"

"मॅडम म्हणतात, एकदा पुरे. लांबण लागते."

"मॅडमना सांगा, ते तीनदा बोललेत, तीनदाच राहील. कात्री लावायची नाही. कबूल असेल तर दाखवा."

"आणि लाडू?" राकेशराव म्हणाले.

"लाडूही राहू दे. खाल्ला तर खाल्ला."

मी जिन्यात येऊन मॅडमना फोन लावला. बोलता बोलता माझाच आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरचं दार उघडलं. मॅडम पलीकडून ओरडत होत्या, "तीनदा? काका, तीनदाच बरोबर आहे! मला कसं सुचलं नाही?"

लॅपटॉप घ्यायला परत वर गेलो तर प्रेमलाताईही फोनवरच होत्या. वाघोलीला भावाला सांगत होत्या, "रविवारी शनिवार पेठेत यायचं, पोरांनाही आण. उशीर नको करूस. आण्णा बोलणार आहेत."