एकेचाळीस विहिरी, सात पानं

पुंजाराम तात्यांना कागद टाकून देता येत नसे. अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये तीस वर्षं काढली, तिथं लागलेली ही खोड. लग्नपत्रिका, जुनं कॅलेंडर, औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठी, जिथं म्हणून कोरी बाजू दिसेल तिथं तात्यांचा हक्क. उषाबाई चारचौघांत सांगायच्या, "ह्या माणसाला पाठकोरा कागद घावला की दोन भाकरी जास्तीच्या जातेत."

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा जालन्याच्या मुलानं आपला जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून दिला. म्हातारा घरात किरकिर करत बसण्यापेक्षा काहीतरी करत बसेल हा त्याचा हिशेब. तात्यांनी गावातल्या विहिरींची हकिकत लिहायला घेतली. कुणी खोदली, किती हात खोल, पाणी गोड की मचूळ, कोणत्या साली आटली, कुणाचा बैल तिच्यात पडला. एका बोटानं टाइप करता करता दीड वर्ष गेलं. एकेचाळीस विहिरी पुऱ्या झाल्या, छापायला बसले, तर मशीननं दाखवलं शहाण्णव पानं. तात्यांनी बटणावरचं बोट काढून घेतलं.

उपाय नातीनं सुचवला. तृप्ती दहावीला, शाळेसाठी आजी-आजोबांकडेच राहायची. "आबा, अक्षर बारीक करा, कडंची जागा काढून टाका आन् पानाच्या तीन उभ्या पट्ट्या पाडा. पेपरात असतेत तशा."

तिनं एकदा दाखवलं आणि पस्तावली. तात्यांना आता आवरणार कोण? अक्षर बाराचं आठ झालं, आठाचं सहा, सहाचं पाच. दोन ओळींमधली जागा गेली, परिच्छेद गेले. दर खेपेला एक पान छापून बघायचं, आणखी आवळता येतंय का ते पाहायचं. शेवटी शहाण्णव पानांची सात झाली, तेव्हा स्वारी सात पानं हातात धरून घरभर हिंडली. त्यावर काय लिहिलंय ते त्यांना स्वतःला दिसत नव्हतं, पण एवढ्या आनंदात ते कोण बघतो?

"हे वाचणार कोण?" उषाबाईंनी विचारलं.

"ज्याला गरज आसंल तो भिंग घेऊन वाचंल," तात्या म्हणाले.

चाचणीसाठी छापलेली पानं अर्थातच फेकली नाहीत. त्यांचे चार-चार आडवे तुकडे झाले आणि ते उषाबाईंच्या डब्याच्या फळीवर गेले, हळद-जिऱ्याच्या पुड्या बांधायला.

दहावीच्या परीक्षेचे बाकीचे पेपर नीट गेले. शेवटचा भूगोल राहिला होता. तृप्तीला केंद्रावर जाणाऱ्या जीपमध्ये मळमळायचं, म्हणून उषाबाई रोज तिच्या कंपासपेटीत बडीशेप आणि खडीसाखरेची पुडी ठेवायच्या. त्या दिवशीही ठेवली.

साडेअकराच्या सुमारास तात्यांचा फोन वाजला. "तृप्तीचे आजोबा बोलता का? परीक्षा केंद्रावर या, जल्दी. तुमच्या नातीकडं मायक्रो सापडली."

"काय सापडली?"

"मायक्रो. या तुम्ही." फोन बंद.

तात्या फोनकडे बघत राहिले. मायक्रो म्हणजे काय? उषाबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या मोबाइलचा एखादा पार्ट असेल. पण तृप्तीकडे मोबाइलच नव्हता! मग कुणाचा उचलला की काय? त्यांनी टोपी घातली, काढली, परत घातली. शेजारच्या संघपालनं मोटारसायकल काढली आणि केदारखेड्याचा फाटा ओलांडल्यावर त्यांचं अज्ञान दूर केलं.

"तात्या, मायक्रो म्हंजे कॉपी. गाइड बारीक करून छापतेत न्हाई का, मुंग्यावानी अक्षर. पट्ट्या कापून बुटात घालतेत. सापडलं की फारम भरून घेतेत आन् सगळी परीक्षा रद्द. सगळे पेपर."

अर्थ कळला आणि तात्या आणखीच गोंधळले. जी पोरगी शेजारणीचं लिंबू विचारल्याशिवाय उचलत नाही, ती कॉपी करेल? आणि केली असेल तर ती छापली कुठं? घरात छापायचं यंत्र एकच, आणि ते तात्यांच्या खोलीत. आपण झोपल्यावर पोरीनं ते वापरलं का? दहा मिनिटांच्या वाटेत त्यांनी नातीला तीनदा चोर ठरवलं आणि तीनदा निर्दोष सोडलं.

केंद्राच्या ऑफिसात टेबलामागे भरारी पथकाच्या मॅडम बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या स्टुलावर तृप्ती, रडून डोळे लाल झालेले. दाराशी रजिस्टर घेऊन केंद्रप्रमुख नागसेन सर उभे. सर तात्यांच्याच गावचे, खालच्या वस्तीतले. आता भोकरदनला राहायचे. समोरासमोर आले की इकडून रामराम, तिकडून जय भीम, इतकीच काय ती ओळख.

मॅडमनी तळहाताएवढा चुरगळलेला कागद पुढे सरकवला. "आजोबा, हे ओळखता का?"

तात्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. नुसतं करडं दिसत होतं. घरची सात पानं तर कपाटात कुलपाखाली होती, सकाळीच त्यांनी मोजली होती. तेव्हा पोरीच्या बचावासाठी ते ठासून म्हणाले, "न्हाई. हे मला बिलकुल ठाव न्हाई. आमच्या घरातलं न्हाईच हे."

"आबा!" तृप्तीला हुंदका फुटला. "तुमचंच हाये ते. विहिरीचं. आजीनं पुडी बांधल्ती त्यात."

तात्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, पण उशिरा. आपल्याच तोंडानं आपण नातीचा घात केला होता. ते घाईघाईनं म्हणाले, "हां, माझंच हाये. मीच लिहिलंय. मीच छापलंय."

"आत्ता म्हणालात, ठाऊक नाही," मॅडम म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या. परीक्षेच्या ह्या दिवसांत त्यांनी अशी पन्नास आजोबा-माणसं बघितली होती, इतकंच. त्यांनी प्रयोगशाळेतून आणलेलं भिंग उचललं. "आज भूगोल आहे. आणि ह्यात काय आहे? विहीर, झरा, खडक, पाण्याची खोली. शिवाय ओळखू येऊ नये म्हणून शब्दांची सरमिसळ केलीय. ऐका. 'बत्तीस हात खोल असून नवरदेव घोड्यासकट मुरमात सुरुंग लावून गोड लागते.' ह्याचा अर्थ काय होतो?"

तात्यांनाही त्याचा अर्थ लागेना. असं आपण कधी लिहिलं? भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजायला आले होते. शेजारच्या वर्गात पोरं पुरवण्या मागत होती आणि तृप्तीची अर्धी उत्तरपत्रिका टेबलावर उपडी पडली होती.

"मॅडम," नागसेन सर पहिल्यांदाच बोलले, "ह्यांनीच लिहिलं असेल तर न बघता सांगता येईल त्यांना. तुम्ही ताडून बघा."

मॅडमनी मान हलवली. "सांगा. सुरुवात कुठून आहे? 'सुभानरावाची विहीर.'"

तात्यांना सगळ्या विहिरी पाठ होत्या. दीड वर्ष एका बोटानं टोचलेलं वाक्य माणूस विसरत नाही. ते डोळे मिटून बोलू लागले. "सुभानरावाची विहीर बत्तीस हात खोल असून पाच पुरुस पाणी राहते. ही विहीर बेलदारांनी खोदली..."

"नाही," मॅडम म्हणाल्या. "'खोल असून' पर्यंत बरोबर. पुढे 'नवरदेव' आहे."

"नवरदेव तर पुढच्या विहिरीत पडला."

"इथं ह्याच ओळीत पडलाय."

तात्या चक्रावले. आपणच लिहिलेलं आपल्याला येईना? की मशीननं छापताना विहिरी एकमेकींत मिसळल्या? त्यांनी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा नवरदेवापाशी अडले. मॅडमनी फॉर्म पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं.

तृप्ती स्टुलावरून उठलीच. "मॅडम, आडवं नका वाचू! तीन पट्ट्या हायेत त्याच्या. एक पट्टी वरून खालपर्यंत वाचा, मंग दुसरी. मधली रेघ पुसट हाये. मीच शिकवलं आबांना तसं करायला."

मॅडमनी भिंग कागदाच्या डाव्या कडेला लावलं आणि बोट वरून खाली सरकवलं. त्यांच्या कपाळावरची आठी सैल झाली. "'पाच पुरुस पाणी राहते. ही विहीर बेलदारांनी...' हं. सांगा पुढे, आजोबा."

तात्यांना हायसं वाटलं. आता गाडी सुटली. बेलदार, सुरुंग, मुरूम झाला. दुसऱ्या पट्टीत नवरदेव घोड्यासकट पडला आणि त्याच मांडवात सुखरूप लग्नही लागलं. मोऱ्या बैल पडला, त्याला काढायला सोळा माणसं लागली त्यांची नावं झाली. मॅडमचं बोट तात्यांच्या तोंडाबरोबर खाली उतरत होतं. तिसरी पट्टी सुरू झाली, "आमची विहीर," आणि तात्या थांबले.

"पुढे?"

तात्यांनी डोळे उघडले. पुढचं त्यांना चांगलं आठवत होतं. त्याच चार ओळी लिहिताना त्यांनी एक आठवडा घालवला होता, आणि अक्षर पाचाचं केल्यावर आता त्या कुणाला दिसणार नाहीत ह्याचं त्यांना कागदाची बचत झाल्यापेक्षा जास्त समाधान वाटलं होतं. ही गोष्ट त्यांनी स्वतःपाशीही कबूल केली नव्हती. दाराशी नागसेन सर उभे होते. नात त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"आजोबा, वेळ जातोय तिचा."

"'आमची विहीर चाळीस हात,'" तात्यांचा आवाज खाली गेला. "'बहात्तर साली गावच्या सगळ्या विहिरी आटल्या. आमच्या विहिरीला पाणी होते. खालच्या वस्तीतील एक बाई पाण्याला आली. वडिलांनी तिला विहिरीवर चढू दिले नाही. वडिलांनी धोंडा मारला. घागर फुटली.'"

मॅडमचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. "शब्दन्‌शब्द आहे," त्या म्हणाल्या आणि फॉर्म बाजूला सारला. "ही कॉपी नाही. सर, लिहा तसं रजिस्टरला. पण आजोबा, परीक्षेला पुडीसुद्धा साध्या कागदात बांधत जा."

नागसेन सरांनी दोन ओळी लिहिल्या, सही केली. उत्तरपत्रिका तृप्तीच्या हातात दिली. "जा, बस. गेलेला वेळ शेवटी भरून मिळेल. घाबरून लिहू नकोस." तृप्ती धावत गेली. मॅडमही पुढचे वर्ग बघायला निघून गेल्या.

तात्या तिथंच बसून राहिले. सुटलो म्हणावं की सापडलो म्हणावं, हेच त्यांना उमगत नव्हतं. "सर," ते म्हणाले, "उपकार झाले."

"उपकार कशाचे, तात्या?" सरांनी रजिस्टर मिटलं. गावचा माणूस एकटा सापडला तशी त्यांची भाषाही गावची झाली. "पर तुमच्या लिहिण्यात एक चूक हाये."

"कुठं?"

"धोंडा तुमच्या वडिलांनी न्हाई मारला. ते बांधावर उभे राहून वरडले नुस्ते. धोंडा थारोळ्यावर, मोट वतायच्या जागी, उभ्या पोरानं मारला. पाण्याला गेल्ती ती माझी आजी. तिनंच सांगितलंय मला."

तात्यांना नाही म्हणता आलं असतं. वडील जाऊन बावीस वर्षं झाली होती, ते काही उलटून बोलायला येणार नव्हते, म्हणून तर सगळं त्यांच्या नावावर लिहून टाकलं होतं. पण तोंडातून शब्द निघाला तो दुसराच.

"मी होतो," तात्या म्हणाले. "चौदा वर्षांचा होतो."

"माहीत हाये. आजी नावच घ्यायची तुमचं. पुंजारामनं मारला, म्हणायची. शिवी न्हाई, शाप न्हाई. नुस्तं नाव."

"आन् तरी तुम्ही सही केली?"

"पोरीनं कॉपी केली नव्हती," सर म्हणाले, जणू ह्यात विचारण्यासारखं काय आहे.

तात्या त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत राहिले. राग सापडला असता तर डोकं तरी खाली घालता आलं असतं. माफी मागावी तर ती मागायची कुणाकडे, जिची घागर फोडली ती कधीच गेली. त्यांना लाज वाटत होती, आणि ती बावन्न वर्षांची असूनही आजच सकाळची असल्यासारखी ताजी होती. एकेचाळीस विहिरींत त्यांनी मालकांची नावं लिहिली होती, बेलदारांची, नवरदेवाची, बैल काढणाऱ्या सोळा जणांची, बैलाचंसुद्धा. ह्या बाईला मात्र नाव नव्हतं. लपवलं म्हणून नाही. त्यांना ते ठाऊकच नव्हतं.

"सर," त्यांनी विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

नागसेन सर दारात थबकले. क्षणभर वाटलं, न सांगताच जातील.

"धुरपताबाई," ते म्हणाले आणि वर्गांकडे निघून गेले.