सातवं कलम

कोरी सीडी घेतली की तिच्या किमतीत लेखक-कलावंतांच्या संघाचा वाटा आधीच धरलेला असतो. आमच्याकडे त्याला ‘कानोन’ म्हणतात. तुम्ही तिच्यावर कुणाची तरी गाणी उतरवणारच, असं मानून दंड आधीच वसूल!

मी साफ्रा गावच्या सांस्कृतिक केंद्रात कॉम्प्युटर शिकवते. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम मी तीन वर्षं खपून लिहिला, तो देल्फीनसाठी. देल्फीन अंध आहे, चौकात लॉटरीची तिकिटं विकतो. सीडीवर माझ्या आवाजातले वीस धडेही आहेत आणि वर लिहिलंय: हव्या तेवढ्या प्रती काढा, कुणाला विचारू नका. शनिवारी लोक ढकलगाडीत कॉम्प्युटर घालून आणतात, आम्ही प्रोग्राम बसवून देतो, सीडी फुकट देतो. यंदा नव्वद अंध माणसं यादीत आहेत आणि कोऱ्या सीडींसाठी जमवलेली आमची वर्गणी संपली. ज्या संघाचं एक अक्षर त्या सीडीवर नाही, त्याचा वाटा मात्र चुकला नाही.

“लेखिका तूच ना?” देल्फीन म्हणाला. “मग संघाकडे तुझा वाटा माग. चल, मी येतो.”

बादाहोस शहरातल्या संघाच्या कार्यालयात वेर्देहो नावाचा टायवाला कारकून बसला होता.

“बाई, सभासद आहात?”

“नाही. पण प्रती माझ्या धड्यांच्या निघतात. त्यांचे पैसे कुणाला जातात?”

“सभासदांना.”

“म्हणजे ज्यांच्या प्रती निघत नाहीत त्यांना.”

“असं बोलू नका. सभासद व्हा, मग रीतसर अर्ज करा.” त्याने फॉर्म पुढे सरकवला.

वर्षभराच्या सीडींचा खर्च निघेल, एवढाच विचार माझ्या डोक्यात. मी पेन उचललं.

“थांब, प्राक्सेदेस,” देल्फीन म्हणाला. “साहेब, मलाही ऐकू द्या. मोठ्याने वाचा.”

वेर्देहो उसासा टाकून भराभर वाचू लागला. पहिलं कलम, दुसरं... सहावं... आठवं...

“सातवं?”

“काय?”

“आयुष्यभर मला दुसऱ्यांनीच कागद वाचून दाखवलेत. मी आकडे मोजत ऐकतो. सहानंतर तुम्ही एकदम आठवर गेलात.”

“ती नुसती औपचारिकता आहे हो. सगळे सही करतात.”

“मग वाचायला काय जातंय तुमचं?”

मीच कागद ओढला. सभासदाने आपली कोणतीही रचना कुणालाही फुकट उतरवू देऊ नये; परवानगी फक्त संघ देईल.

म्हणजे माझा वाटा मिळवायचा, तर ज्या नव्वद जणांसाठी मागतेय, त्यांनाच सीडी देणं बंद करायचं!

“अहो, तुम्ही घेता तेव्हा मी सभासद आहे की नाही ते विचारत नाही,” मी म्हणाले. “द्यायची वेळ आली की माझं लिहिलेलंच तारण मागता?”

“बाई, नियम मी केले नाहीत.”

“गाळले तुम्ही.”

देल्फीन खो खो हसला. मला हसू आलं नाही. सही न करता फॉर्म परत ठेवला आणि पिशवीतली एक सीडी काढून त्याच्या टेबलावर आपटली.

“हे काय?”

“माझे धडे. घरी जाऊन प्रत काढा. पैसे तुम्ही आधीच घेतलेत.”

परतीच्या बसमध्ये देल्फीनने तिकिटांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. “हे शनिवारी केंद्राच्या दाराशी विकतो. माझं कमिशन सीडीला.”

म्हणजे कोऱ्या सीडी घेताना त्याच्याही पैशातून पुन्हा संघाचा वाटा जाणार.